अण्णा, याद्या परत करू या

श्टुटगार्ट, जर्मनी

ती. अण्णा आणि सौ. आई,
सा. न. वि. वि.

आत्याचा फोन आला होता. याद्या झाल्या म्हणाली. कार्यालय आपलं, साखरपुड्याचं जेवण आपलं, लग्नाच्या पंगती आपल्या, वऱ्हाडाच्या गाड्यासुद्धा आपल्याच. आणि त्यासाठी तुम्ही विहिरीकडचा तुकडा गहाण ठेवायचं म्हणताय. अण्णा, तेवढं करू नका.

ताईच्या लग्नातलं मला सगळं आठवतंय. मुलाच्या मामांना फेटा न बांधता टॉवेल-टोपी दिली म्हणून ते रुसून जानवशावर जाऊन बसले. तुम्ही हात जोडून त्यांना पंगतीला आणलंत. शेवटची पंगत उठेपर्यंत तुमच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. पतसंस्थेचे हप्ते तर ताईचा मुलगा शाळेत जायला लागला तरी फिटले नव्हते.

माझ्या लग्नात हे मला बघवणार नाही. आम्हा दोघांचं बोलणं झालंय. दोघंही कमावतो, तेव्हा कार्यालय, आचारी, मांडव हा सगळा खर्च आम्हीच निम्मा-निम्मा करणार. वऱ्हाडाच्या गाड्या त्यांच्या त्यांनी बघायच्या, कपडे ज्याचे त्याने घ्यायचे. मानपान दोन्हीकडून बंद. आई, रुखवतात फ्रिज-कपाट मांडू नकोस, तुझ्या हातच्या करंज्या नि रव्याचे लाडू ठेव. आजीची बोरमाळ मी घालीन, नवीन सोनं करायचं नाही.

'मुलीकडच्यांनीच करायचं असतं' असं आत्या म्हणेल. 1961 च्या कायद्याने हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा ठरलं, म्हणून आता हुंडा कुणी तोंडाने मागत नाही, 'लग्न तेवढं चांगलं करून द्या' म्हणतात. पैसा जातो तो मुलीच्या बापाचाच. जोतिरावांनी 1873 साली पहिलं सत्यशोधक लग्न किती कमी खर्चात लावलं, हे मला तुम्हीच सांगितलं होतंत ना?

व्याह्यांशी हे बोलायचं तुम्हाला अवघड वाटणार, मला कळतं. तुम्ही बोलूच नका. त्यांच्या घरी मुलगाच सांगणार आहे. रविवारी संध्याकाळी दोन्ही घरं व्हिडिओ कॉलवर बसू आणि याद्या नव्याने लिहू.

कार्यालयाला विसार दिला असेल तर पावतीचा फोटो पाठवा, ते पैसे मी लगेच पाठवते. गहाणखतावर मात्र सही करू नका.

तुमची,
धाकटी