करवतीचे दात मोजताना: मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

करवत मासा आपण चित्रातच पाहिला असेल. मीही जिवंत पाहिलेला नाही, आणि माझं काम त्याचीच नोंद ठेवायचं! पहाटे होड्या लागल्या की बंदरावर टोपल्यांमधून फिरायचं, तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना विचारायचं, ‘शेवटचा कधी दिसला होता?’

एका घरी म्हाताऱ्या तांडेलांनी माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेली करवत काढली, म्हणजे या माशाचं लांब, दातेरी नाक. बापाच्या वेळची. दोन्ही कडांचे दात, पडलेल्यांच्या खाचांसकट मोजले की माशाची जात ओळखायला मदत होते, म्हणून मी वही उघडली. त्यांनी लगेच करवत मागे ओढली. ‘ताई, केस तर नाय ना होनार?’

साहेब, सगळं अडलंय ते इथे. २००१ पासून हा मासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. ते योग्यच. पण पाकटाच्या भावकीतला हा मासा उथळ, गढूळ पाण्यात फिरतो आणि त्याचे ते दात जाळ्यात सहज गुंततात. कुणी मुद्दाम धरायला जायची गरजच नसते. मेलेला निघाला, तर घाबरलेला माणूस तो गुपचूप पाण्यात ढकलणार. मग जात, लांबी, पोटात पिल्लं होती का, सगळंच बुडालं.

संरक्षित जीव जिवंत सोडणाऱ्याला फाटलेल्या जाळ्यापोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायची योजना आपल्याच राज्याने २०१८ मध्ये आणली. चांगली आहे. पण पुरावा म्हणून फोटो, व्हिडिओ हवा. होडी डुलतेय, करवत सपासप दोन्हीकडे फिरतेय. माणसाने जाळं कापायचं की मोबाइल धरायचा?

मेलेला करवत मासा स्वतःहून कळवणाऱ्याच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागणार नाही, असं परिपत्रक वन खात्याशी बोलून काढा. साध्या मराठीत, आणि प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लागेल असं.

आणखी एक, यात माझा स्वार्थ आहे हे कबूल. आमची नेमणूक अकरा महिन्यांची. बंदरावर ओळख व्हायलाच एक हंगाम जातो. मग नवा माणूस येतो आणि तांडेल पुन्हा गप्प.

त्या आजोबांनी शेवटी दात मोजू दिले. नाव मात्र लिहू दिलं नाही. वहीत त्या रकान्यात रेघ आहे.

आपली,
बंदरावरची एक नोंदणी कर्मचारी