बेकरीचं काय झालं?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत 'फ्लॉवर्स फॉर अल्गरनॉन' या कादंबरीवरचा लेख वाचला. आधी उंदरावर आणि मग कमी बुद्धीच्या चार्लीवर झालेलं बुद्धी वाढवायचं ऑपरेशन, 68 वरून 185 वर गेलेला त्याचा बुद्ध्यांक, सगळं नीट आलंय. पण चार्ली जिथे सतरा वर्षं राबला त्या बेकरीला तुमच्या लेखकाने अर्धं वाक्य दिलं. मी बेळगावच्या शहापुरात एकतीस वर्षं बेकरी चालवतो, म्हणून हे पत्र.

आधी एक दुरुस्ती. डॅनियल कीज यांची 1959 सालची कथा आणि 1966 सालची कादंबरी लेखात एकच धरली आहे. कथेतला चार्ली प्लॅस्टिकचे डबे करणाऱ्या कारखान्यात असतो. बेकरी आली ती कादंबरीत, आणि ती आली हे फार बरं झालं. भट्टीवरची माणसं रात्री अडीचला कामाला लागतात. मैदा मळायचा, गोळे तोडायचे, ट्रे लावायचे. थट्टा केल्याशिवाय ती रात्र सरत नाही, आणि थट्टेला एक हक्काचा माणूस लागतो.

पुस्तक मुलीचं. पहिली पानं वाचून मी तिला म्हटलं, फुटपाथवरची कॉपी दिसते, स्पेलिंगं सगळी चुकलीत. ती चार्लीची स्वतःची लिखावट आहे हे कळायला मला दोन रात्री लागल्या. (कुणी हसू नये. सरकारी कचेरीत कन्नड फॉर्म पुढे आला की मागच्या रांगेतले मला असेच हसतात.)

चार्लीला दोस्त सांगतात, कोपऱ्यावर जाऊन पाऊस आहे का बघून ये. तो बघून येतो तर सगळे पसार. हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. आमच्याकडे एक पोरगा आहे, आता चाळिशीचा. हिशेब येत नाही, घड्याळ येत नाही. नवा होता तेव्हा कारागिरांनी त्याला 'भट्टीची किल्ली' आणायला गणपत गल्लीत पाठवलं. जुलैचा पाऊस, डोक्यावर मैद्याचं रिकामं पोतं. चालत गेला, दुकानदाराने 'उद्या ये' म्हटलं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. भट्टीला किल्ली नसते. परत आल्यावर सगळे हसले, तोही हसला. गल्ल्यावर बसून मीही हसलो होतो.

तुमचे लेखक लिहितात, असा प्रयोग प्रत्यक्षात येणं नाही. उंदरांपुरता तो आलाय. 1999 साली अमेरिकेत प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांनी एका जनुकाच्या जादा प्रती घालून लवकर शिकणारे, जास्त लक्षात ठेवणारे उंदीर तयार केले होते. माणसाचं पुढे काय ते शास्त्रज्ञ बघतील. लेखाखालीच बुद्धिवर्धक चूर्णाची जाहिरात छापलीत, तिच्याबद्दल मात्र बोलतो: गरोदर बाईला आयोडीन कमी पडलं तर पोराच्या मेंदूवर परिणाम होतो, आणि ते टाळणारं साधं आयोडीनचं मीठ कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. त्याची चौकट छापा की.

कादंबरीत मला सगळ्यात जास्त लागलं ते बेकरीतल्या लोकांचं पत्र. चार्ली हुशार होतो, गिऱ्हाइकाकडून कमी पैसे घेऊन त्यातला वाटा खिशात घालणारा गडी त्याच्या लक्षात येतो, आणि मग चार्लीलाच काढून टाका म्हणून सगळे सह्या करतात. एकच बाई सही करत नाही. सह्या करणारे दुष्ट नव्हते हो. आपण ज्याला हसतो तोच एक दिवस आपला हिशेब तपासायला लागला, तर आमच्या भट्टीवरही कागद फिरला असता. आणि तो माझ्याच टेबलावर आला असता.

आमच्या त्या माणसाला घड्याळ कळत नाही, पण भट्टीच्या तोंडाशी हात धरून पाव आत सरकवायची वेळ झाली की नाही ते तोच सांगतो. मी गल्ल्यावरून उठून बघायला जात नाही.

परवा ट्रे पुसता पुसता त्याला चार्लीची गोष्ट सांगितली. ऑपरेशन झालं, शहाणा झाला, मोठमोठी पुस्तकं वाचायला लागला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्येचा पगार वाढला काय ओ मालक?"

आपला,
एक बेकरीवाला, शहापूर, बेळगाव