नॉर्थविचच्या मैदानाबद्दल क्रीडामंत्री लिसा नंदी यांना खुलं पत्र

मा. लिसा नंदी मॅडम,
संस्कृती, माध्यम आणि क्रीडा मंत्री, लंडन

नमस्कार. इंग्रजी पत्र तुमच्या ऑफिसला वेगळं पाठवलंय. हे मराठीत लिहितोय कारण इंग्लंडमध्ये आपली भरपूर माणसं राहतात, लिव्हरपूल नि मँचेस्टरच्या तिकिटांसाठी जिवाचं रान करतात, पण आपण राहतो त्या गावाचा क्लब कुठला हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, त्यांनीही हे वाचावं असं मनापासून वाटतं.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील नि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल मॅच बघत मोठा झालो, त्यामुळं पेठेची टीम म्हणजे काय हे मला वेगळं समजावून सांगायला लागत नाही. इंग्लंडच्या चेशर काउंटीत आल्यावर एका शनिवारी इथल्या नॉर्थविच गावच्या क्लबच्या, नॉर्थविच व्हिक्टोरियाच्या (लाडानं ‘व्हिक्स’) मॅचला गेलो तर थोडीच माणसं, अंगावर हिरवे-पांढरे मफलर, आणि शेजारी एक आजोबा, ते गोल झाला तरी जागचे हलले नाहीत. हाफटाइमला चहा घेताना म्हणाले, हे आमचं मैदान नव्हे. मॅच संपल्यावर मला गाडीत बसवून गावात घेऊन गेले. घरांच्या एका रांगेसमोर उभे राहिले आणि बोट दाखवून म्हणाले, इथं गोलपोस्ट होता.

ते ड्रिल फील्ड, व्हिक्सचं जुनं मैदान. क्लब १८७४ चा आणि १८७५ पासून तिथं फुटबॉल चालू होता, एकाच मैदानावर इतकी वर्षं सलग खेळ झाल्याचं जगात दुसरं उदाहरण नाही असं गावातले लोक छातीठोकपणे सांगतात. १८९२ ला फुटबॉल लीगची सेकंड डिव्हिजन सुरू झाली त्यातल्या पहिल्या १२ टीममध्ये व्हिक्स होते, दोनच सीझन टिकले ते सोडा. बिली मेरेडिथ इथूनच १८९४ ला मँचेस्टर सिटीला गेला आणि पुढं वेल्सचा सगळ्यात मोठा खेळाडू झाला. १९७७ च्या जानेवारीत याच मैदानावर एफए कपात वॉटफर्डला ३-२ नं हरवलं, आणि पुढची ओल्डहॅमची मॅच गावात मावणार नाही म्हणून मँचेस्टर सिटीच्या मेन रोडवर न्यावी लागली! १९८४ ला एफए ट्रॉफी जिंकली, वेम्बलीवर बरोबरी, मग स्टोकला रिप्ले. आजोबांना त्या रिप्लेतले व्हिक्सचे दोन्ही गोल अजून पायरीपायरीनं सांगता येतात.

गाव मिठाचं. जमिनीखालचं मीठ पाण्यात विरघळवून इतकं उपसलं की घरंच्या घरं खचली, रस्ते फाटले, मग लोकांनी लाकडी सांगाड्याची घरं बांधायला घेतली, खाली जमीन बसली की जॅक लावून अख्खी इमारत वर उचलायची. ती काळी-पांढरी घरं आजही बाजारपेठेत उभी आहेत, मी हात लावून बघितलीत. अशा गावाला आपलं मैदान मात्र वाचवता आलं नाही.

२००२ ला ड्रिल फील्ड गेलं. टीम तीन वर्षं शेजारच्याच विटन अल्बियन क्लबच्या मैदानावर खेळली, म्हणजे एका तालमीच्या पोरांनी कट्टर विरोधी तालमीच्या दारात जाऊन जागा मागायची. २००५ ला विनचमला नवं स्टेडियम झालं, वाटलं आता सुटलो, तर २०१२ च्या जानेवारीत तिथूनही बाहेर पडायला लागलं आणि पुढं होम मॅच खेळायला थेट दुसऱ्या काउंटीत, स्टॅफर्डला जायची वेळ आली. त्याच वर्षी वैतागलेल्या सपोर्टर लोकांनी स्वतःच्या मालकीचा वेगळा क्लब काढला, नाव ठेवलं १८७४ नॉर्थविच, पण त्यांनाही सुरुवातीला शेजारच्या विन्सफर्डचंच मैदान वापरायला लागलं. एका गावाचे सपोर्टर दोन क्लबात वाटले गेले आणि हक्काचं मैदान दोघांपैकी कुणाकडंच नाही.

मॅडम, २०१९ ला ‘बरी’ (Bury) नावाचा क्लब पैशाच्या अडचणीमुळं लीगमधून बाहेर फेकला गेला, २०२१ ला फुटबॉलच्या कारभारावर खासदार ट्रेसी क्राउच यांचा रिपोर्ट आला आणि २०२५ च्या जुलैत तुमच्या कारकिर्दीत फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला, याबद्दल मनापासून आभार. आता या कायद्यानं नेमलेल्या फुटबॉल रेग्युलेटरला विचारल्याशिवाय क्लबला मैदान विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. पण हे फक्त वरच्या पाच पायऱ्यांना, म्हणजे प्रीमियर लीगपासून खाली मोजत गेलं तर पहिल्या पाच लीगना. २००२ ला व्हिक्स पाचव्या पायरीवर होते, हा कायदा तेव्हा असता तर ड्रिल फील्डसाठी निदान कुणाला तरी विचारावं लागलं असतं. २०१२ ला ते सातव्या पायरीवर होते, म्हणजे आजचा कायदा तेव्हा असता तरी त्यांना काही उपयोग नव्हता. आणि मैदानं जास्त करून खालीच जातात, कारण गावात मोक्याची जागा असते, पैसा नसतो, नि बिल्डरला दोन्ही माहीत असतं.

कुठल्या लीग कायद्यात घ्यायच्या हे मंत्र्यांनी नियम काढून ठरवायचंय, म्हणजे ते तुमच्या हातात आहे. खालच्या क्लबांवर लायसन्स नि हिशेबाचं सगळं ओझं टाका असं मी म्हणत नाही, तिथं सेक्रेटरी नोकरी सांभाळून रात्री घरी बसून फॉर्म भरतो, ते त्याला झेपणारच नाही. फक्त मैदानाचं कलम खाली न्या, निदान आठव्या पायरीपर्यंत. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागत असेल तर ती आणा. तुम्ही विगनच्या खासदार, २०२० ला विगन अ‍ॅथलेटिक बुडायला आला तेव्हा गावाचं काय झालं होतं हे तुम्ही जवळून बघितलंय.

विगनहून नॉर्थविच काही लांब नाही. एखाद्या शनिवारी या, आजोबा अजून मॅचला येतात, ते तुम्हाला गोलपोस्टची जागा दाखवतील.

आपला,
चेशरमध्ये राहणारा एक कोल्हापूरकर