त्या रायफलीले पालिश पेपर लावू नको

प्रिय गजा,

तुझं पत्र परवा भेटलं, पऱ्हाटीत डवरा चालू होता म्हणून लगेच लिहिणं झालं नाही, पण डोक्यात तेच घुमून रायलं. डिस्प्लेतल्या थ्री-नॉट-थ्री घासून चकाचक करा, ओरिजिनल दिसल्या पाहिजेत, असं तुले वरून सांगितलं म्हणतोस. गड्या, आधी हात थांबव.

पहिल्या रायफलीच्या बट सॉकेटवर (मागचा लाकडी बट जिथं बसते ते लोखंडी कडं) मुकुट, जीआरआय (इंग्रज राजाच्या नावाची अक्षरं) आन् 1942, म्हणजे ते राजाच्या काळातली, बंगालातल्या इशापूर कारखान्याची. पण एफटीआरचा शिक्काबी आहे ना, मंजे फॅक्टरीत पूर्ण खोलून पुन्हा बांधली, मंग लाकूड 1942 चंच पाहिजे हा हट्ट काहून? फोरएंडमधून, मंजे नळीखालच्या लाकडातून, आरपार गेलेला आडवा स्क्रू पाय, लाकूड फाटू नये म्हणून इशापूरवाले तो टाकत. काही लोक तो काढून भोक बुजवतात, मले ते बिलकुल पटत नाही, ते रायफल तशीच जगली आहे.

नंबर पाहताना घाई करू नको. बॉडीचा, बोल्टच्या दांडीमागचा, नेम धराच्या साइटच्या पात्याखालचा, नळीच्या तोंडाजवळच्या नोजकॅपखालचा, फोरएंडच्या टोकाखालचा. एखादा खोडून दुसरा मारला असंल तर लगेच खोटी म्हणू नको, आर्मररनं, मंजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्यानं, पार्ट बदलून तिचाच नंबर टाकला असंल. फक्त शिक्का काळ्या रंगाच्या खाली आहे का रंग फोडून मारला ते भिंग लावून पाय, खाचेत लोखंड चमकत असंल तर तो काल-परवाचा.

कोतमध्ये, मंजे हत्यारांच्या कोठारात, नवीन होतो तेव्हा मी एक बट पालिश पेपरनं घासला होता, इन्स्पेक्शनले गुळगुळीत दिसावा म्हणून. लाकडातला गोल शिक्का पार गेला. कोणत्या सालचा होता ते आता कोणालेच सांगता येणार नाही, अजून मनाले लागते.

तर व्हार्निश नको, पेपर नको. धूळ पुस, आधी सगळ्या शिक्क्यांचे फोटो काढून रजिस्टरले लाव. लाकडाले कच्चं जवसाचं तेल बोटानं थोडंथोडं चोळ, जास्तीचं पुसून काढ, लोखंडाले पातळ ऑइल, नळीले फुलथ्रू (नळीतून ओढाची दोरी) आन् चिंदी. जवसाच्या तेलाच्या चिंद्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नको बापा, आपोआप तापून पेटतात, उघड्यावर पसरून वाळव.

दुसरीच्या साइटवर 800 पर्यंतच आकडे असतील तर ते 303 नाही, इशापूरचीच नंतरची, 7.62 च्या गोळीची टू-ए-वन आहे, पाटीवर चुकीचं लिहिलं असंल तर पाटी बदल.

तेल घाण्यावरून काढून ठेवतो, पोळ्याले येशील तेव्हा घेऊन जा. बोल्टच्या दांडीचा फोटो मात्र उद्याच पाठव.

तुझा,
रमेश