दिव्याचा ओढायचा स्विच दुरुस्त झाला, ताई तुमच्यामुळे

ताई,

फोनवर थँक्यू म्हणाले तर तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच संपवलात, पण माझं मन भरलं नाही म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

जिन्यातल्या दिव्याची साखळी तुटली आणि स्विच बंदवरच अडकून बसला तेव्हा जो तो म्हणत होता, अख्खी फिटिंगच बदला, असले स्विच रिपेअर होत नाहीत. तुम्ही एकट्यांनी विचारलंत, साखळी तुटलीय कुठे, बाहेर की आत? बाहेर मण्यांमध्ये तुटली असेल तर छोटा कनेक्टर लावून भागतं, आत तुटली किंवा स्प्रिंग गेली असेल तर नुसता स्विच बदलायचा, दोन वायरी आणि बाहेरचा एक नट, बास. आमची आतच तुटली होती.

पण खरं थँक्यू पुढच्या गोष्टीसाठी आहे. काम सुरू करायच्या आधी तुम्ही व्हिडिओ कॉलवर बल्ब काढायला लावलात आणि होल्डरच्या आतल्या पितळी पत्र्यांना टेस्टर लावायला सांगितलंत, आणि स्विच बंद असूनही टेस्टर पेटला! म्हणजे ज्याने कोणी ही फिटिंग बसवली त्याने स्विच फेजऐवजी, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीऐवजी, न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर घेतला होता. दिवा विझायचा म्हणून कोणाला कधी शंकाच आली नाही, पण बल्ब बदलताना होल्डरमध्ये करंट असायचाच. घरात आई एकटी असताना तीच बल्ब बदलते, हे आठवलं की अजून धस्स होतं. नुसता स्विच बदलून दिवा लागला असता, सगळे खूश झाले असते आणि हा धोका तसाच राहिला असता.

मग एमसीबी पाडायला लावलात, आणि टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून बघ, तो नीट चालतोय का कळू दे, मगच दिव्याच्या वायरींना लाव, नुसता पेटला नाही म्हणून करंट नाही असं धरू नकोस, हे इतक्या शांतपणे समजावलंत की मला घाई करावीशीच वाटली नाही. वायरींचा फोटो काढून ठेवला, छतातल्या जोडातल्या दोन वायरी अदलाबदल केल्या. नवीन स्विच बसवायच्या आधी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (आतून जोड असेल तर बीप वाजतो त्यावर) ठेवून तपासला, एकदा ओढलं की बीप, पुन्हा ओढलं की गप्प. जुना कसाही ओढा, गप्पच. नव्यावर 3 अँपिअर 250 व्होल्ट लिहिलंय, आणि आमचा 60 वॅटचा बल्ब पाव अँपिअरच्या आसपासच घेतो, हा हिशोबही तुम्हीच करून दाखवलात.

आणि साखळी तिरकी ओढली की स्विचमधून ती बाहेर येते त्या नळीच्या तोंडाशी घासून झिजते हे सांगितलंत ते किती बरं झालं, कारण आई पायरीवरून तशीच ओढायची, हात पुरत नाही ना तिचा. आता खाली लांब दोरी बांधलीय, ती सरळ खाली ओढते.

ताई, विचारलं त्याचं उत्तर देऊन तुम्ही मोकळ्या झाल्या असतात तरी चाललं असतं, पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. आता बाकीच्या खोल्यांतले होल्डरही तसेच तपासायचे आहेत, रविवारी फोन करते, तुम्हाला वेळ असेल तर लाईनवर थांबा. जुना स्विच टाकला नाहीये, आतला खटका कसा फिरतो ते तुमच्याकडून बघायचंय.