परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र : खलाशाला कुठला आलाय शत्रू?

मा. परराष्ट्रमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

डहाणू तालुक्यातून लिहितेय. माझा धाकटा भाऊ गुजरातेतल्या ओख्याच्या मासेमारी बोटीवर खलाशी होता. पाकिस्तानवाल्यांनी बोट पकडली आणि तांडेलासकट, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्यासकट, सगळे कराचीच्या तुरुंगात गेले. त्याची शिक्षा केव्हाच भोगून झाली. 'पावसाळ्याआधी घरी येईल,' असं एका कार्यालयात आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं. पावसाळा आला आणि गेला. परवा पुन्हा विचारायला गेले तर तिथले साहेब म्हणाले, "ती जमातच तसली, त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवता? आणि तुमचे लोक पैशाच्या लोभाने तिकडे घुसतात कशाला?"

एका दमात दोघांचा निकाल! ते दगाबाज, आम्ही लोभी. तिकडे भावाला आधी हेर समजून खोदून खोदून विचारलं. इकडे पडताळणीला आलेल्या पोलिसाने आईला विचारलं, पाकिस्तानात कोणी नातेवाईक आहे का? माझ्या आईने तलासरीच्या पुढचं जग पाहिलेलं नाही.

घुसतात म्हणे. जीपीएस तांडेलाजवळ, बोट शेठची. खलाशी जाळं ओढतो, मासळी निवडतो, बर्फात भरतो आणि दोन तास मिळाले तर झोपतो. पाण्यावर सीमा कुठे दिसते? सिंधूच्या मुखाकडे मासळी जास्त म्हणून बोटी तिकडे सरकतात, हे किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक आहे.

आणि ती सीमा तरी कुठे ठरली आहे? सर क्रीक, कच्छ आणि सिंध यांच्यामधली जेमतेम 96 किलोमीटरची खाडी. 1914 मध्ये मुंबई सरकारने ठराव केला, कारण सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि पलीकडे कच्छचे राव होते. त्याच ठरावाचा एक परिच्छेद दाखवून पाकिस्तान अख्खी खाडी मागतो, पुढचा परिच्छेद दाखवून आपण अर्धी मागतो. गोरा साहेब गेला, पण त्याचा नकाशा आणि त्याचा रुबाब दोन्ही राजधान्यांनी जपून ठेवलाय. खाडीचा निकाल लागत नाही म्हणून पुढे समुद्रातली रेघही ठरत नाही. त्या न ठरलेल्या रेघेपायी माणसं मात्र आत जातात.

सागरी कायद्याच्या संयुक्त राष्ट्र करारावर दोघांच्याही सह्या आहेत ना? त्याच्या कलम 73 प्रमाणे, देशांत वेगळा करार नसेल तर आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे किनाऱ्यापुढच्या ज्या समुद्रात मासळीवर त्या देशाचा हक्क असतो तिथल्या, मासेमारीच्या गुन्ह्याला तुरुंगवासाची शिक्षाच देता येत नाही. हे मला कळतं, तर तुमच्या खात्यातल्या विद्वानांना कळत नसेल?

2008 च्या भारत-पाकिस्तान करारानुसार दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. जानेवारी 2025 च्या यादीत आपले 217 मच्छीमार त्यांच्याकडे होते, त्यांचे 81 आपल्याकडे. मच्छीमार आणि इतर कैदी मिळून आपल्या 183 जणांची शिक्षा संपली आहे, असं तेव्हा तुमच्याच मंत्रालयाने सांगितलं. मग? तुरुंग पाहून येणारी दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती होती, ती ऑक्टोबर 2013 नंतर पाकिस्तानात गेलेलीच नाही. याद्या तेवढ्या वेळेवर, अगदी दिवाळी अंकासारख्या.

रोज रात्री टीव्हीवर 'धडा शिकवू' ऐकते. कोणाला शिकवणार? नेपाळी म्हटला की वॉचमन, बांगलादेशी म्हटला की घुसखोर, पाकिस्तानी म्हटला की अतिरेकी. शेजाऱ्यांची नावं ठेवून झाली की थोरला भाऊ म्हणून मिरवायचं. आम्हा आदिवासींना ही नजर नवी नाही. शहरात आमच्याकडेही असंच बघतात: आधी शिक्का, मग नाव. तिकडचा सिंधी कोळीही तसाच गरीब, त्याच्या बोटीवरही कर्ज. पण तो शत्रू आणि आम्ही देशभक्त, म्हणजे पकडलं जाईपर्यंत. पकडलं गेलं की आम्ही लोभी!

मोठी राष्ट्रं अशी असतात का, साहेब? की भाषणापुरतीच मोठी? विकासाच्या जाहिरातीत आमचा किनारा चालतो, किनाऱ्यावरची माणसं चालत नाहीत. गावात काम असतं तर पोरगा ओख्याला गेला असता का? हा प्रश्न तुमच्या खात्याचा नाही म्हणाल. नेहमी दुसऱ्याच खात्याचा असतो.

न्यायाधीशांची समिती पुन्हा पाठवा. शिक्षा संपलेल्यांना महिन्याच्या आत आणा, आणि त्यांचे आपल्याकडे असतील तर तेही सोडा. आणि कृपा करून पडताळणीसाठी पुन्हा फोटो मागू नका. होते तेवढे सगळे तुमच्या फायलींतच आहेत.

आपली,
एका खलाशाची बहीण