चंचीला चेन लावली की

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न.

पार्सल बुधवारपर्यंत पोचेल. उघडल्या उघडल्या आई, तू "कशाला एवढे पैसे घातलेस" म्हणणार, म्हणून उत्तर आधीच लिहून ठेवते. आत खणाचे पाच पाउच आहेत, पाचांचे मिळून साडेसहाशे. दुकानदार आठशे सांगत होता.

गणपतीत आले होते तेव्हा बाबांची रक्तदाबाची गोळी शोधायला पाऊण तास गेला. सापडली कुठे, तर दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, वीजबिलाच्या खाली, पासबुकाच्या रबरात अडकलेली. वर बाबा म्हणतात, "सगळं एका जागीच आहे." तेच तर! सगळंच एका जागी होतं.

परत आल्यावर आधी मोबाईलवरूनच मागवले होते. फोटोत फार गोड दिसत होते, मांजरांची चित्रं वगैरे. आले ते बिनअस्तराचे. तिसऱ्यांदा उघडायला गेले तर चेनचा रनर हातात आला. म्हणून या वेळी स्वतःच तुळशीबागेत गेले, पर्समध्ये माझं पासबुक आणि एक फूटपट्टी घेऊन. चेनची दोन्ही टोकं शिवणीत जातात, त्यामुळे पाउचचं तोंड बाहेरून दिसतं त्यापेक्षा अरुंद निघतं. आठ इंची पाउचात आठ इंचाची वस्तू जात नाही, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. मग प्रत्येक पाउच उलटा करून आतली शिवण बघितली, तू ब्लाउज बघतेस तशी. दुकानदार म्हणाला, "ताई, शिवता का तुम्ही?" मी हो म्हणून टाकलं.

लाल पाउच गोळ्यांचा. त्यात दुसरं काहीही जाणार नाही, बाबा, सुट्टे पैसेसुद्धा नाहीत. मोरपंखी पासबुकं आणि आधार कार्डांचा. सर्वांत मोठा रक्तदाबाच्या मशीनसाठी घेतलाय, पण माप अंदाजाने धरलंय. पट्टा मावला नाही तर आई, तुझी लोकर ठेव त्यात. उरलेले दोन कशाला ते तुमचं तुम्ही ठरवा.

रंग मुद्दाम वेगवेगळे घेतले. आजीची चंची आठवते ना? पान, सुपारी, कात, चुन्याची डबी, ज्याचा त्याचा कप्पा. दिवे गेले तरी आजी नुसत्या बोटांनी विडा जमवायची. हे पाउच म्हणजे चंचीला चेन लावल्यासारखेच. आणि कापडही तिच्या चोळ्यांचंच, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डकडचं. मशीनमध्ये मात्र टाकू नकोस, रंग उतरेल. गार पाण्यात वेगळे धू, सावलीत वाळव.

आणि हो, तुझ्या कपाटात ओटीत आलेले खण त्रिकोणी घडीतच पडून आहेत. त्यांच्या चोळ्या आता कोण शिवणार? त्यातल्या हिरव्याचा एक पाउच मला शिवून दे, पेपर तपासायच्या लाल पेनांसाठी. आतून नऊ इंच ठेव. अस्तर बाबांच्या जुन्या पांढऱ्या सदऱ्याचं चालेल, फक्त त्यांना आधी विचार, नाहीतर परत घालायला काढतील.

तुमची,
मनी